तबकडीवाल्या काकांचा रात्रीचा कार्यक्रम रेकॉर्ड कसा करावा?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. इंदूरला रामबागेत एक काका राहतात, वय पंचाहत्तरीच्या पुढचं. रोज रात्री साडेदहाला ते आपल्या खोलीतून इंटरनेट रेडिओवर कार्यक्रम करतात. जुन्या तबकड्या लावायच्या आणि बोलायचं, एवढाच ऐवज. श्रोते तीस-चाळीस, त्यातले निम्मे पुण्याला नाहीतर अमेरिकेत गेलेले इंदूरकर. काका गाण्याचं नाव आधी सांगत नाहीत, मध्येच सुई उचलून बोलायला लागतात, सुई अडकली तर अडकू देतात. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना त्यांना स्टुडिओत नेऊन ‘व्यवस्थित’ रेकॉर्ड करायचं आहे. माइक कोणता घ्यावा, किती तास लागतील, यूट्यूबवर टाकता येईल का, आणि काकांचा भाचा म्हणतोय तसा छोटा एफएम ट्रान्समीटर लावावा का, हे त्यांचे चार प्रश्न.

माझी हयात रेडिओत गेली. सुरुवात सरकारी केंद्रावर कॅज्युअल निवेदक म्हणून, मग खासगी एफएमच्या प्रॉडक्शनला, आणि आता बरीच वर्षं संग्राहक, निवृत्त निवेदक, कीर्तनकार अशा मंडळींची रेकॉर्डिंगं करतो. तेव्हा जे सांगतोय ते त्या कामातून आलेलं आहे. तुमची परिस्थिती वेगळी असेल तिथे तुमचं डोकं चालवा.

माइकचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण त्यात फार काही नाही. कुठलाही बरा डायनॅमिक माइक चालेल. एसएम५८ मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर तुमच्याकडे आहे तो. तोंडापासून एक वीत अंतरावर ठेवा आणि विसरून जा.

खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही. तुम्हाला रेकॉर्ड काय करायचंय? काकांच्या तबकड्या, स्वतः काका, की काकांचा कार्यक्रम? तिन्ही गोष्टी एकाच खोलीत असल्या तरी ही तीन वेगवेगळी कामं आहेत. तबकड्यांतली बहुतेक गाणी दुसऱ्या कुणाकडे तरी आहेतच. आपल्या इंदूरजवळ पिगडंबरला लता दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचं ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे, तिथे एकदा जाऊन या, म्हणजे ‘दुर्मिळ’ हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो ते कळेल. काकांची मुलाखत तुम्ही दिवसा, चहा घेत, सवडीने करू शकता. पण कार्यक्रम मात्र रोज रात्री होतो आणि रोज रात्री हवेत विरतो. तुमच्याकडच्या एका तासाच्या तुकड्याखेरीज त्याची प्रत कुणाकडेच नाही. म्हणून आधी कार्यक्रम, मग काका, आणि तबकड्या सगळ्यात शेवटी.

तुम्ही जोडलेला तासाभराचा तुकडा मी ऐकला. बाविसाव्या मिनिटाच्या आसपास काका दोन भागांचं एक गाणं लावतात. अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांत संपते. पुढे सुई रिकाम्या खाचेत टक्-टक् करत राहते. खुर्ची करकरते. काका म्हणतात, “गाणं कूस बदलतंय, तुम्ही पण बदलून घ्या.” मग तबकडी उलटल्याचा आवाज, पेला ठेवल्याचा आवाज, सुईवर मारलेली फुंकर आणि दुसऱ्या बाजूची खरखर. हे सगळं दहा-बारा सेकंदांचं. आम्हा रेडिओवाल्यांच्या भाषेत याला डेड एअर म्हणतात. ड्यूटीवर असताना एवढी शांतता गेली तर लॉगबुकात नोंद व्हायची आणि दुसऱ्या दिवशी खुलासा द्यावा लागायचा. काकांच्या कार्यक्रमात ती शांतताच ऐकण्यासारखी आहे. स्टुडिओतला कुठलाही शहाणा एडिटर ती कापेल, आणि त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही, कारण त्याला तेच शिकवलंय.

त्याच तुकड्यात पुढे काका एका तबकडीबद्दल सांगतात की ती सियागंजातल्या एका किराणा व्यापाऱ्याकडून आली, त्याच्या मुलीच्या मांडवात वाजली, आणि वरातीच्या गर्दीत कुणाचा तरी धक्का लागून तिच्यावर ओरखडा पडला. “भिया, ऐकत राहा, आता येईल.” आणि येतो. फट्, फट्, फट्, तीन फेरे, मग गाणं पुढे. तुम्ही हे रेकॉर्डिंग घरी नेऊन सॉफ्टवेअरच्या ‘क्लिक काढा’ बटणातून चालवलंत, तर गाणं स्वच्छ होईल आणि किस्सा खोटा पडेल.

तर माझं म्हणणं सरळ आहे. तबकडी लावणाऱ्या निवेदकाची कारागिरी सांध्यात असते. गाणं संपून बोलणं कुठे सुरू होतं, बोलणं तोडून सुई कुठे टेकते, चूक झाली तर तिचं काय करतो. तुम्हाला हे सांधे रेकॉर्ड करायचेत. गाणी आणि वाक्यं सुटी-सुटी करून स्वच्छ केलीत तर हाती चांगली गाणी येतील, चांगली वाक्यं येतील आणि काका हातून जातील.

त्यांना वेगळं का म्हणायचं, हेही नीट समजून घ्या, म्हणजे नेमकं काय जपायचं ते कळेल. आपल्याकडे दोन ठरीव रीती आहेत. आकाशवाणीची रीत म्हणजे चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार, मग गाणं. निवेदकाने स्वतःचं मत सांगायचं नाही. खासगी एफएमची रीत म्हणजे लिंक (दोन गाण्यांमधलं बोलणं) मिनिटाच्या आत, आवाजात सतत चढ, आणि गाणी संगणकाने लावून दिलेली. इंदूरकरांना ही दुसरी रीत फार लवकर माहीत झाली, कारण रेडिओ मिर्चीचं पहिलं स्टेशनच ४ ऑक्टोबर २००१ ला इंदुरात सुरू झालं. त्या काळात रिक्षात, पोह्याच्या गाड्यावर, सगळीकडे तोच आवाज होता. बरेच आरजे गुणी होते. पण पुढचं गाणं कोणतं हे त्यांच्या हातात नसायचं. काका पुढची तबकडी हात घालून काढतात, आणि ती का काढली हे कधीकधी तबकडी लागल्यावर त्यांचं त्यांना उमगतं. ते उमगणं तुमच्या तुकड्यात ऐकू येतं.

आता हेही खरं की रीतींच्या आतही मोडतोड करणारे होतेच. मालवा हाउसमधून, म्हणजे आकाशवाणीच्या इंदूर केंद्रावरून, माळवीत गप्पा मारणारे नंदाजी-भेराजी आठवा. सरकारी केंद्र, शेतीची माहिती, आणि ती सांगायची कशी, तर ओट्यावर बसल्यासारखी. अमीन सयानींच्या गीतमालेचा जन्मही एका बंदीतूनच झाला. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री होते आपले बाळकृष्ण केसकर, त्यांनी आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला कात्री लावली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत टेपवर रेकॉर्ड व्हायचा आणि टेपा कोलंबोला जायच्या. म्हणजे ते सगळं बेतलेलं, तोलूनमापून केलेलं होतं. काकांचं तसं नाही. ते थेट आहे, त्यामुळे तुमची पद्धतही वेगळी हवी.

परदेशातलं एक उदाहरण देतो, कारण तुमच्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे. बीबीसीच्या रेडिओ वनवर जॉन पील नावाचा निवेदक १९६७ पासून २००४ मध्ये वारेपर्यंत रात्री तबकड्या लावायचा. कुणी ऐकलेले नाहीत असे बँड शोधून वाजवायचा, आणि कधीकधी तबकडी चुकीच्या वेगावर लावायचा. तेवढ्यानेही लोकांचा जीव जडला. त्याच्या कार्यक्रमासाठी खास रेकॉर्ड केलेली गाणी बीबीसीने जपली, तबकड्या म्हणून निघालीही. पण मधलं बोलणं, चुका, पत्रवाचन यांतलं आज जे ऐकायला मिळतं ते पुष्कळसं श्रोत्यांनी घरी कॅसेटवर भरून ठेवलं होतं म्हणून. संस्था गाणं जपते. मधला माणूस जपायचं काम कुणातरी हौशी श्रोत्याला करावं लागतं, आणि इथे ते तुमच्याकडे आलंय.

आता कामाला लागू. पहिले काही दिवस काहीही रेकॉर्ड करू नका, नुसतं ऐका आणि वही ठेवा. तारीख, वेळ, तबकडी, काय बोलले, काय घडलं. यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे सवय कोणती आणि त्या रात्रीपुरतं काय. सुईवर फुंकर ही सवय आहे की तुमच्या तुकड्यातला योगायोग? दुसरं म्हणजे, हा माणूस खरंच रेकॉर्ड करण्याजोगा आहे का. कटू वाटेल, पण विचारायला हवं. जुन्या तबकड्या असलेले आणि बोलायला आवडणारे गृहस्थ आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. मी तीन गोष्टी बघतो. निवड स्वतःची आहे का, की नुसतीच लोकप्रिय गाणी? ऐकणारा कोण आहे हे त्यांना ठाऊक आहे का? आणि काही बिघडलं की ते बावरतात, की त्यातून काही काढतात? तुमच्या तुकड्यावरून तरी काका तिन्हीत उतरतात. पण एका तासावरून मी शपथ घेणार नाही.

मग संमती. लपूनछपून रेकॉर्ड करायचं नाही, “आधी कळलं तर कृत्रिम होतील” ही सबब मला पटत नाही. हो, पहिले दोन-तीन दिवस ते जरा ताठ बोलतील, मग विसरतील. सत्तरी ओलांडलेली माणसं यंत्राला आपल्यापेक्षा लवकर विसरतात, हा माझा अनुभव. संमती लेखी घ्या, मराठीत, एका पानात. कोण रेकॉर्ड करतंय, कुठे ठेवणार, काय प्रसिद्ध करणार, नको म्हणाले तर काय काढून टाकणार, आणि त्यांच्या पश्चात निर्णय कोण घेणार. शेवटचा मुद्दा विचारायला जीभ अडखळते, पण तो काकांसमोरच विचारायचा. नंतर मुलांमध्ये ज्या कुरबुरी होतात त्यापेक्षा हे बरं.

आणि काकूंची संमती वेगळी घ्या. तुकड्याच्या शेवटाकडे आतून आवाज येतो, “अहो, उद्या डॉक्टरकडे जायचंय, उपाशीपोटी!” काका माइकवरूनच उत्तर देतात, “हो, ही एक झाली की,” आणि मग चक्क लांबलचक ख्याल लावतात. हसू आलं ना? त्या विनोदात काकूंचा वाटा निम्मा आहे. त्यांना न विचारता त्यांचा आवाज, त्यांच्या घरातलं दुखणं-खुपणं जगाला ऐकवायचं नाही. किश्श्यांतल्या माणसांचंही तसंच. सियागंजच्या त्या व्यापाऱ्याचं आडनाव काकांनी घेतलं असेल तर मूळ फाइलमध्ये राहू द्या, बाहेर देताना तेवढं मुकं करा. रामबागेत कोण कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक असतं.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे. स्टुडिओ रद्द करा. काकांचा हात कुठल्या तबकडीकडे जाईल हे कपाट कुठे आहे यावर ठरतं. स्टुडिओत ते निवडलेल्या पंधरा तबकड्या घेऊन येतील, म्हणजे निवड घरीच होऊन जाईल आणि तुम्हाला उरलेलं सादरीकरण मिळेल. तिथे ते चांगला शर्ट घालून येतील, वर ‘नमस्कार श्रोतेहो’ म्हणतील.

खोलीत जाल तेव्हा चार ट्रॅकचा हातातला रेकॉर्डर न्या, झूम एच४एन प्रो किंवा तसला कुठलाही. भाड्याने मिळतो. पहिल्या इनपुटला काकांचा माइक. दुसऱ्याला तबकडीचा आवाज, थेट त्यांच्या प्रीअँपमधून (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा डबा). अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या मोनोच असतात, त्यामुळे एक वायर पुरते. एलपी (नंतरच्या लाँग-प्ले तबकड्या) असतील तर स्टिरिओपणा जाईल, जाऊ द्या, गाणं आपलं लक्ष्य नाही. रेकॉर्डरच्या स्वतःच्या दोन माइकवर खोली येईल: खुर्ची, कपाटाचं दार, काकू. हा खोलीचा ट्रॅक लोक घेत नाहीत आणि नंतर पस्तावतात. फॉरमॅट वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पातळी अशी ठेवा की काका मोठ्याने हसले तरी काटा उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही. चार ट्रॅकचं मिळून तासाला साधारण २ जीबी होतं, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर बरेच दिवस निघतात.

पाचवी गोष्ट म्हणजे जे श्रोत्याला ऐकू गेलं ते. तेही वेगळं साठवा, लॅपटॉपवर व्हीएलसी या प्लेयरमधून स्ट्रीम भरून घेता येते. आवाज दबलेला असेल, मध्ये नेट गेलं तर खंड पडेल. पण न्यू जर्सीत बसलेल्या माणसाने ऐकलं ते हेच. स्ट्रीम काही सेकंद मागे असते, ती बाकीच्या ट्रॅकशी जुळवायला टाळी वाजवायची गरज नाही. सुई टेकल्याचा ठोका दोन्हीकडे येतो, तो जुळवा.

श्रोत्यांचे निरोपही ठेवा. काका मोबाईलवर येणारे संदेश वाचून त्यांना उत्तरं देतात. अर्धं बोलणं त्या उत्तरांतलं आहे. संदेश नसतील तर वीस वर्षांनी ऐकणाऱ्याला वाटेल हे गृहस्थ भिंतीशी बोलतायत. पाठवणाऱ्यांना विचारून त्यांचे संदेश तारीखवार उतरवून घ्या.

पंख्याचं काय? शब-ए-मालवा, माळव्याची गार रात्र, म्हणून आपण मिरवतो, पण मे महिन्यात बंद खोलीत त्या वयाच्या माणसाचा पंखा बंद करायला लावणं हा आचरटपणा आहे. पंखा चालू दे. माइक जवळ असला की तो मागे पडतो, आणि खोलीच्या ट्रॅकवर पंखा ऐकू आलाच पाहिजे. घूं-घूं असा सलग आवाज येत असेल तर तो बहुधा पंखा नसून अर्थिंगची घरघर असते, जुन्या घरांत हे हमखास असतं. रेकॉर्डर आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. तेवढ्याने न गेलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग दुरुस्त होणं काकांच्याही जिवाला बरं.

एक बारीकसारीक पण महत्त्वाचं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला दिसलं की सुईच्या दांड्याच्या टोकावर, हेडशेलवर, काकांनी पाच रुपयांचं नाणं चिकटवलंय. सुई उडू नये म्हणून असं पुष्कळ जण करतात. त्या वजनाने खाच झिजते, हे खरं. शिवाय अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीला जाड सुई लागते, ७६ मायक्रॉनच्या आसपासची. एलपीची सुई त्याच्या चौथाई रुंदीची असते, ती त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखर वाढते. त्यांच्याकडे कोणती आहे ते एकदा विचारा, हवं तर योग्य सुई भेट द्या. पण एकदाच. “राहू दे, असंच बरं आहे” म्हणाले तर विषय संपला. तुम्ही कार्यक्रम रेकॉर्ड करायला गेला आहात, सुधारायला नाही. नाण्याची नोंद मात्र वहीत करा. आणि भाचेमंडळींपैकी कुणी स्पिरिट लावून तबकड्या पुसायला निघालं तर हात धरा. जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, अल्कोहोलने लाख विरघळते.

इथवरचं एका दमात सांगतो: आधी वही, मग संमती, घरातच रेकॉर्डिंग, आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर, तास पूर्ण, मध्ये काहीही न थांबवता. काटछाट फक्त प्रतीवर, मूळ फाइलला हात नाही.

भाषेचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण एका वाचकाने खाली “आजोबांचं मराठी जरा सुधारून घ्या” असं सुचवलंय म्हणून लिहितो. अजिबात नको. काका मराठीत सुरू करतात, “लो साब” म्हणत हिंदीत शिरतात आणि राग आला की माळवीत पडतात. हे इंदूरच्या मराठी घरांतलं रोजचं बोलणं आहे. मुलाखत घेतानाही पुणेरी प्रश्न विचारू नका, नाहीतर ते परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देतील. मुलाखतीसाठी प्रश्नावलीसुद्धा नको. कपाटासमोर बसा, एक-एक तबकडी त्यांच्या हातात द्या आणि गप्प राहा. लेबलवरचा क्रमांक मोठ्याने वाचायला सांगा, म्हणजे रेकॉर्डिंगमध्येच नोंद होते आणि पुढे यादी करताना कुठली गोष्ट कुठल्या तबकडीची हे शोधत बसावं लागत नाही.

किती तास? हे परिस्थितीवर आहे. काकांची प्रकृती, काकूंचा संयम आणि तुमची नोकरी. माझी पद्धत अशी की आधी सलग आठवडाभर रोज, कारण रोजच्या कार्यक्रमाला रोजची लय असते. काल अर्धवट राहिलेला किस्सा आज येतो. मग महिनाभर थांबायचं. मग पुन्हा थोडे दिवस, शक्यतो वेगळ्या ऋतूत. पावसात त्यांची निवड बदलते का, गणपतीत झांक्यांच्या (देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) रात्री ते कार्यक्रम करतात का, रंगपंचमीच्या गेरीच्या मिरवणुकीनंतर आवाज बसलेला असतो का, हे तेव्हाच कळेल. मोठा संच एकदम घेण्याची घाई करू नका. जितकं भराल तितकं ऐकून वहीत उतरवावं लागतं, आणि न ऐकलेल्या शंभर तासांपेक्षा नोंद केलेले दहा तास केव्हाही कामाचे.

आता यूट्यूब. इथे दोन हक्क वेगळे करा. काकांचं बोलणं त्यांचं आहे, ते त्यांच्या संमतीने देता येईल. गाण्यांचं तसं नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६० ची तबकडी असेल तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. पण त्यातल्या शब्दांचा आणि चालीचा हक्क स्वतंत्र, तो गीतकार-संगीतकारांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. त्यामुळे तबकडी जुनी आहे म्हणून गाणं मोकळं झालं असं होत नाही. शिवाय यूट्यूबचं यंत्र माणसासारखा विचार करत नाही, ओळखीचं गाणं दिसलं की दावा ठोकतं. मी काय करतो ते सांगतो. पूर्ण तास संग्रहात, जसाच्या तसा. बाहेर द्यायच्या प्रतीत बोलणं पूर्ण आणि गाण्याची सुरुवात व शेवट, म्हणजे सांध्यापुरतं. सुई टेकते, दोन ओळी, हळूहळू आवाज खाली, आणि शेवटची टक्-टक् पुन्हा वर. काकांचं जे काही आहे ते यात येतं. तरी मोठ्या प्रमाणावर काही करायचं असेल तर कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा, फोरमवरच्या म्हाताऱ्याच्या भरवशावर राहू नका.

संग्रहाच्या तीन प्रती. एक तुमच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या घरातल्या डिस्कवर, एक क्लाउडवर. पेनड्राइव्हला प्रत मानू नका. फाइलचं नाव तारखेने सुरू करा, ‘काका फायनल नवीन’ असल्या नावांनी पुढे काही सापडत नाही. पुढेमागे संस्थेकडे द्यायचं मनात आलं तर गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीतविषयक संग्रह-केंद्र आहे, १९८२ पासूनचं. असल्या ठिकाणी ते आधी तुमची वही बघतील, मग आवाज ऐकतील. तेव्हा वही नीटनेटकी असू द्या.

राहिला भाच्याचा ट्रान्समीटर. नको. परवान्याशिवाय एफएमवर प्रसारण करणं बेकायदेशीर आहे, गल्लीपुरतं असलं तरी. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरला राघव महतो नावाच्या तरुणाने आपल्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानातून, पन्नासेक रुपयांच्या सामानातून, गावाचा एफएम चालवला होता. गाव खूष, पंचक्रोशी खूष, त्याची बातमी बीबीसीपर्यंत गेली. ती जगभर झाली आणि त्याच वर्षी, २००६ मध्ये, परवाना नाही म्हणून ते केंद्र बंद करण्यात आलं. गंमत म्हणजे सामुदायिक रेडिओचं दार सामाजिक संस्थांसाठी उघडणारं धोरणही त्याच वर्षाच्या अखेरीला आलं. पण त्या धोरणात व्यक्तीला परवाना मिळत नाही, नोंदणीकृत संस्था लागते, तीही किमान तीन वर्षं जुनी. काकांच्या तीस-चाळीस श्रोत्यांपैकी निम्मे परगावी आहेत, त्यांना रामबागेतल्या ट्रान्समीटरचा उपयोग शून्य. भाच्याला काही करायचंच असेल तर त्याला अर्थिंगचं काम द्या, आणि स्ट्रीम अधूनमधून तुटते तिथे वाय-फायऐवजी केबल ओढायला सांगा.

आठवडाभराची वही झाली की तिची एक-दोन पानं इथे टाका, नावं झाकून. मग कुठल्या रात्री पुन्हा ऐकायच्या आणि मुलाखतीत कपाटाचा कुठला कप्पा आधी उघडायचा ते बघू. आणि तबकड्यांच्या लेबलांचे फोटो काढाल तेव्हा फ्लॅश बंद ठेवा. तुमच्या फोटोत तीन लेबलांवर नुसता पांढरा ठिपका आलाय, क्रमांक वाचता येत नाही.